शस्त्रक्रियेनंतरचा चढता आंकडा

(नभोवाणीवरील भाषण)



वर्धा जिल्ह्यांतील एका वृद्ध शेतकऱ्याची आपण कल्पना करूं. देवळीकडचें गांव, थोडी कपाशी, थोडी तूर, वय पासष्टाच्या आसपास. दोन वर्षांपूर्वीं त्याच्या पौरुष ग्रंथींत, म्हणजे डॉक्टर लोक जिला प्रोस्टेट म्हणतात त्या ग्रंथींत, कर्करोग निघाला. शस्त्रक्रिया होऊन ती ग्रंथि समूळ काढण्यांत आली, जखम भरली, आणि मनुष्य पुन्हां बांधावर जाऊं लागला. ठराविक दिवसांनीं रक्त तपासून घेत जा, असें डॉक्टरांनीं बजावलें होतें; त्याप्रमाणें तो तपासूनही घेतो. एके दिवशीं कागद हातीं येतो. त्यावर लिहिलेलें असतें, पी. एस. ए. ०.४, आणि त्याच ओळींत पुढें छापलेलें असतें, साधारण मर्यादा ० ते ४. शेजारचा शिकलेला मुलगा कागद वाचून म्हणतो, "आबाजी, चारापर्यंत चालतें. तुमचें तर अर्धें सुद्धां नाहीं. काळजी सोडा." आबाजी काळजी सोडतात, कागद ट्रंकेंत ठेवतात, आणि पुढची तपासणी कापूस वेंचून झाल्यावर पाहूं असें ठरवितात.

आतां हिंगणघाटच्या एका पेन्शनर मास्तरांचीही कल्पना करा. शस्त्रक्रिया तीच. मागल्या खेपेस आंकडा ०.०५ होता, या खेपेस ०.१ आला. मास्तर गणिताचे. त्यांनीं ताडलें कीं रोग दुप्पट झाला. त्या रात्रीं ते जेवले नाहींत. दुसऱ्या दिवशीं मुलांना बोलावून घराच्या वांटणीचें बोलूं लागले.

हे दोघेही गृहस्थ चुकले. एकानें भ्यावें इतकें कांहीं नसतां भीति घेतली, दुसऱ्यानें लक्ष द्यावें अशा वेळीं लक्ष काढून घेतलें. चूक मात्र एकाच जातीची आहे. दोघांनींही आंकडा सुटा वाचला. शस्त्रक्रियेनंतरचा हा आंकडा कसा वाचावा आणि तो चढूं लागला असतां काय करावें, एवढेंच आज आपणांस सांगावयाचें आहे.

पी. एस. ए. हें प्रोस्टेट ग्रंथींत तयार होणारें एक प्रथिन आहे. वीर्य पातळ ठेवणें हें त्याचें स्वाभाविक काम. त्याचा अत्यल्प अंश रक्तांत झिरपतो. ग्रंथि वाढली, सुजली किंवा तिच्यांत कर्करोग झाला म्हणजे हें झिरपणें वाढतें. म्हणून हा पदार्थ म्हणजे रोग नव्हे. ग्रंथीच्या पेशी शरीरांत कोठें तरी जिवंत आहेत, एवढीच ती खूण. अमेरिकेंतील बफेलो येथील संशोधकांनीं १९७९ मध्यें हें प्रथिन ग्रंथींतून शुद्ध स्वरूपांत वेगळें केलें, आणि पुढल्याच वर्षीं तें रक्तांत मोजतां येतें असें दाखविलें. १९८६ मध्यें या तपासणीस तेथील सरकारी मान्यता मिळाली, ती रोग हुडकण्यासाठीं नव्हे, तर ज्यांचा रोग आधींच सांपडला आहे अशांवर लक्ष ठेवण्यासाठीं. रोग हुडकण्याच्या कामीं तिला मान्यता मिळाली १९९४ मध्यें. म्हणजे आपला आजचा विषय हेंच या तपासणीचें मूळचें काम होय.

हें प्रथिन नॅनोग्राममध्यें मोजतात. एका ग्रॅमचे शंभर कोटी भाग करावे, त्यांतला एक भाग म्हणजे एक नॅनोग्राम. आणि एक मिलिलिटर रक्तांत असे किती, तो हा आंकडा. इतक्या सूक्ष्म मापांत ०.०५ आणि ०.१ यांतलें अंतर पुष्कळदां यंत्राच्या चुकीएवढेंच असतें, हें आमच्या मास्तरांना कोणीं सांगितलें नव्हतें.

आतां मुख्य मुद्दा. कागदावर छापलेली ० ते ४ ही मर्यादा ज्याच्या शरीरांत ग्रंथि जागच्या जागीं आहे त्याच्यासाठीं आहे. ज्याची ग्रंथि काढून टाकली त्याला ती लागू नाहीं. विहीर बुजविल्यावर पोहऱ्यांत पाणी यावयाचें कोठून? शस्त्रक्रियेनंतर रक्तांतील जुना सांठा दर दोन ते तीन दिवसांत निम्मा होत जातो. समजा, आधीं आंकडा १० होता आणि तो दर तीन दिवसांनीं निम्मा झाला. तर तीस दिवसांत तो दहा वेळां निम्मा होऊन सुमारें हजारावा हिस्सा, म्हणजे ०.०१ च्या आसपास, राहील. म्हणून पहिली तपासणी सहा आठवड्यांनंतर करतात, आणि त्या वेळीं आंकडा ०.१ च्या खालीं, म्हणजे साध्या यंत्राला न दिसण्याइतका, असावा अशी अपेक्षा असते. मुळांतच तो तितका खालीं आला नाहीं, तर रोगाचा कांहीं भाग मागें राहिला असावा असा संशय घेऊन डॉक्टर लगेच पुढील तपासास लागतात.

एकदां खालीं गेलेला आंकडा पुन्हां चढून ०.२ वर आला, आणि दुसऱ्या तपासणींतही तो ०.२ किंवा अधिक निघाला, म्हणजे रोगाचें रक्तांत पुनरागमन झालें, असें बहुतेक तज्ज्ञ मानतात. 'रक्तांत' हा शब्द येथें महत्त्वाचा आहे. मनुष्याला या वेळीं कोठें दुखत नाहीं, खुपत नाहीं, चित्रांतही बहुधा कांहीं दिसत नाहीं. केवळ रक्त बोलतें. शस्त्रक्रियेऐवजीं ज्यांनीं किरणोपचार घेतले, त्यांची ग्रंथि जागेवरच असल्यामुळें त्यांचा हिशेब निराळा. त्यांचा आंकडा ज्या सर्वांत खालच्या पायरीपर्यंत उतरला असेल तिच्यावर २ ने वाढला, तर पुनरागमन समजतात. म्हणजे आबाजींचा ०.४ हा आंकडा शेजाऱ्याच्या रक्तांत निघाला असता तर उत्तम. आबाजींच्या रक्तांत निघाला म्हणून डॉक्टरांकडे जाण्याचें कारण.

असा आंकडा दिसला म्हणजे पहिलें काम घाबरणें हें नव्हे, तर तपासणी पुन्हां करणें हें होय. ती शक्यतों त्याच प्रयोगशाळेंत करावी. कारण निरनिराळ्या ठिकाणचीं यंत्रें व रसायनें निराळीं असतात, आणि वर्ध्याचा एक व नागपूरचा एक असे दोन आंकडे शेजारीं ठेवून त्यांची वजाबाकी करणें बरोबर नाहीं. केसांसाठीं म्हणून बायोटिनच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या घेणारे लोक आहेत. त्यांमुळें कांहीं यंत्रांचीं मापें फसतात, तेव्हां तें डॉक्टरांना सांगावें. क्वचित् शस्त्रक्रियेच्या कडेला निरोगी ग्रंथीचा एखादा कण राहून गेलेला असतो आणि तोही थोडेंसें प्रथिन सोडीत राहतो. असा आंकडा बहुधा अल्प असतो आणि वर्षानुवर्षें तेथेंच घुटमळतो.

खरा प्रश्न आंकडा किती आहे एवढाच नसून तो किती वेगानें चढतो, हा आहे. पवनारच्या धाम नदीवर पावसाळ्यांत उभ्या राहणाऱ्या माणसाला हें सांगावयास नको. पाणी पायरीला लागलें यापेक्षां तें घटकेंत किती पायऱ्या चढलें, हें तो पाहतो. डॉक्टर लोक आंकडा दुप्पट होण्यास किती महिने लागतात तें काढतात. ०.२ हा आंकडा दर तीन महिन्यांनीं दुप्पट झाला, तर वर्षांत ०.४, ०.८, १.६ आणि ३.२ अशा चार पायऱ्या चढतो. तोच दर पंधरा महिन्यांनीं दुप्पट झाला, तर ३.२ पर्यंत पोंचण्यास पांच वर्षें लागतात. पहिला रोग चपळ, दुसरा मंद. दुप्पट होण्यास एका वर्षाहून अधिक काळ लागत असेल आणि काढलेल्या ग्रंथीच्या तपासांतील ग्लीसन अंक ८ पेक्षां कमी असेल, तर युरोपांतील तज्ज्ञमंडळ त्या रुग्णाला कमी धोक्याचा मानतें. हा अंक पेशींची उग्रता सांगतो.

आतां मास्तरांच्या भीतीबद्दल. शस्त्रक्रिया झालेल्या पुरुषांपैकीं कोठें पांचांतील एकाला तर कोठें तीनांतील एकाला पुढें कधीं तरी हा चढता आंकडा पाहावा लागतो. म्हणजे ही कांहीं जगावेगळी आपत्ति नव्हे. अमेरिकेंतील बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयानें आपल्या जवळजवळ २,००० रुग्णांचा वृत्तांत १९९९ मध्यें प्रसिद्ध केला. त्यांपैकीं ३१५ जणांचा आंकडा पुढें चढला. त्यांतल्या ३०४ जणांना रोग दूरवर पसरल्याचें दिसेपर्यंत हार्मोनचे उपचार दिले नव्हते. त्या पाहणीच्या काळांत त्यांपैकीं सुमारें एक तृतीयांश लोकांचाच रोग पसरलेला आढळला. आणि चढता आंकडा दिसल्यापासून रोग पसरलेला दिसेपर्यंतचा मध्यम काळ आठ वर्षांचा भरला. आजचीं चित्रयंत्रें व औषधें त्या वेळीं नव्हतीं, हेंही ध्यानांत घ्यावें. तेव्हां चढता आंकडा म्हणजे वाटण्या करण्याची सूचना नव्हे. ती विचार करण्यास मिळालेली सवड आहे. मात्र सवड म्हणजे अनंत काळ नव्हे, हें आबाजींनीं ऐकावें.

कारण असें कीं, उरलेल्या पेशी पुष्कळ वेळां ग्रंथीच्या रिकाम्या जागेंतच असतात. काळ्या रानांत हरळी खणून काढल्यावर मातींत मुळीचा एखादा तुकडा राहतो. पहिल्या पावसाला तो कोंब धरतो. त्या वेळीं तेवढीच जागा पुन्हां खणली तर शेत स्वच्छ होतें. हरळी चारी धुऱ्यांना लागल्यावर तें काम राहत नाहीं. ग्रंथीच्या रिकाम्या जागेवर किरणोपचार देणें हें तें पुन्हां खणणें होय. एकदां शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला रोगमुक्त होण्याची ही दुसरी संधि असते, आणि आंकडा जितका लहान असतां ती घ्यावी तितकी ती फलदायी. साधारणतः ०.५ च्या आंत, आणि शक्य तर ०.२ च्या आसपासच, हा निर्णय व्हावा असा आजचा अनुभव आहे. म्हणूनच "चारापर्यंत चालतें" हें शेजाऱ्याचें वाक्य इतकें घातक. चार होईपर्यंत संधि बहुधा निघून गेलेली असते.

मग शस्त्रक्रिया होतांच सर्वांनाच किरणोपचार कां देऊं नयेत? हा प्रश्न मोठ्या प्रयोगानें सोडविण्यांत आला. ब्रिटन, डेन्मार्क, कॅनडा व आयर्लंड येथील १,३९६ पुरुषांवर २००७ पासून झालेल्या या प्रयोगांत निम्म्यांना लगेच किरण दिले, आणि निम्म्यांच्या आंकड्यावर पाळत ठेवून तो चढला तरच दिले. २०२० मध्यें पांच वर्षांचा हिशेब प्रसिद्ध झाला. रोग वाढण्याच्या बाबतींत दोन्हीं गटांत अर्थपूर्ण फरक आढळला नाहीं. लगेच किरण घेतलेल्यांना लघवीचा त्रास मात्र अधिक झाला. थांबलेल्यांपैकीं बहुसंख्यांना त्या मुदतींत किरणांची गरजच पडली नाहीं. पण या थांबण्यांतली अट विसरूं नका. ते लोक पाळतीवर थांबले होते, ट्रंकेंत कागद ठेवून थांबले नव्हते.

किरणोपचार बहुधा सोमवार ते शुक्रवार असे रोज देतात. वरील प्रयोगांत ते कांहींना साडेसहा आठवडे, तर कांहींना चार आठवडे दिले. ते देतांना दुखत नाहीं. परंतु मूत्राशय व गुदाशय शेजारींच असल्यामुळें वारंवार लघवी, शौचाची घाई, क्वचित् रक्त पडणें असे त्रास होतात. कोणाचे ते ओसरतात, कोणाचे कांहीं अंशीं टिकतात. ज्याचा धोका अधिक त्याला किरणांच्या जोडीला सहा महिने ते दोन वर्षें हार्मोन दाबणारीं औषधें देतात. ही दिशा १९४१ मध्यें शिकागोच्या चार्ल्स हगिन्स यांनीं दाखविली. पुरुषाचा हार्मोन थांबविला असतां हा कर्करोग आक्रसतो, हें त्यांनीं सिद्ध केलें, व त्यासाठीं त्यांना १९६६ चें नोबेल पारितोषिक मिळालें. या औषधांनीं अंगाची आग होते, स्नायु व हाडें कृश होतात, कामेच्छा जाते. वृषण काढण्याची शस्त्रक्रिया स्वस्त व एकदांच करावयाची म्हणून आपल्याकडे पुष्कळ ठिकाणीं करतात. पण ती परत फिरवितां येत नाहीं. केवळ आंकडा थोडा चढला म्हणून कोणीं ती घाईनें सुचविली, तर दुसऱ्या तज्ज्ञाचें मत अवश्य घ्यावें. ज्यांचा आंकडा नऊ महिन्यांच्या आंत दुप्पट होतो अशांसाठीं एन्झाल्युटामाइड या नव्या औषधाचा १,०६८ पुरुषांवरील प्रयोग २०२३ मध्यें प्रसिद्ध झाला. त्यांत रोग दूर पसरण्यास चांगला प्रतिबंध झाल्याचें दिसलें.

रोग नेमका कोठें आहे हें शोधणारें पी. एस. एम. ए. पेट नांवाचें चित्र अलीकडे काढतात. ते उपयुक्त खरें. परंतु आंकडा लहान असतां त्यांत पुष्कळदां कांहींच दिसत नाहीं. "चित्र स्वच्छ आहे" याचा अर्थ रोग नाहीं असा होत नाहीं. तो अजून दिसण्याइतका झालेला नाहीं, इतकाच त्याचा अर्थ. चित्रांत दिसेपर्यंत थांबूं, किंवा हाडें दुखूं लागेपर्यंत थांबूं, असें ठरविणें म्हणजे दुसरी संधि दवडणें होय. उलट पक्षीं, ऐंशीच्या घरांतल्या, हृदयानें थकलेल्या आणि मंद चढणारा आंकडा असलेल्या आजोबांनीं केवळ पाळत ठेवून निवांत राहणें, हाही पूर्ण शास्त्रशुद्ध निर्णय असूं शकतो. उपचार न घेणें म्हणजे हयगय, असें कोणीं समजूं नये; न पाहणें ही हयगय.

आतां आपल्या जिल्ह्यासंबंधीं दोन शब्द. सेवाग्राम येथें डॉ. सुशीला नायर यांच्या प्रयत्नानें १९६९ मध्यें महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था स्थापन झाली. वर्धा जिल्ह्यांतील कर्करोग्यांची गांववार नोंद ठेवण्याचें कामही ती संस्था करते. आपल्याकडे तंबाखूमुळें होणाऱ्या तोंडाच्या कर्करोगाचा भार मोठा, म्हणून त्याविषयीं गांवोगांव बोललें जातें. प्रोस्टेटविषयीं फारसें कोणी बोलत नाहीं. शिवाय जागा लाजेची. लघवी थेंब थेंब गळते हें मनुष्य पत्नीलाही सांगत नाहीं, मग रक्ताचा आंकडा चौघांत कोण सांगणार? याच वर्धा शहराजवळ दत्तपूर येथें मनोहरजी दिवाण यांनीं कुष्ठरोग्यांची सेवा आरंभिली, त्या वेळीं त्या रोगाचें नांव घेण्यासही लोक भीत. नांव घेतल्यावांचून सेवा होत नाहीं, हें ज्या भूमीनें दाखविलें, तेथें या रोगाविषयीं मौन शोभत नाहीं.

उपचारांसाठीं मुंबईच गांठली पाहिजे असेंही नाहीं. जिल्ह्यांत सेवाग्राम व सावंगी येथें वैद्यकीय महाविद्यालयांचीं मोठीं रुग्णालयें आहेत. नागपुरास राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या नांवाचें प्रादेशिक कर्करोग रुग्णालय आहे. महाराजांनीं १९६८ मध्यें कर्करोगानेंच देह ठेवला होता. वर्धा रस्त्यावर जामठ्याला नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेंत कर्करोगाच्या अनेक शस्त्रक्रिया व किरणोपचार यांचा समावेश आहे. योजनेंतील रुग्णालयांत 'आरोग्यमित्र' बसतात, त्यांना शिधापत्रिका व ओळखपत्र दाखवून आधीं विचारावें.

आणि एक दोन आण्यांची गोष्ट सांगतों, जिचें मोल फार आहे. एक वही करावी. तिच्यांत तपासणीची तारीख, आंकडा आणि प्रयोगशाळेचें नांव एकाखालीं एक लिहावें. पहिल्या पानावर शस्त्रक्रियेची तारीख, त्यापूर्वींचा आंकडा, ग्लीसन अंक, कडेला रोग होता कीं नाहीं, आणि गांठींत होता कीं नाहीं, एवढें डॉक्टरांकडून लिहून घ्यावें. पहिल्या वर्षीं दर तीन ते सहा महिन्यांनीं, पुढें कांहीं वर्षें सहा महिन्यांनीं, मग वर्षांतून एकदां, अशी साधारण पाळी असते. आपली नेमकी पाळी आपल्या डॉक्टरांनीं ठरवावी. पेरणी व वेंचणी आड येत असेल तर तसें डॉक्टरांना सांगून तारीख आधीं घ्यावी, पुढें ढकलूं नये. सुटा कागद डॉक्टरांना एक आंकडा सांगतो. वही त्यांना रोगाची चाल सांगते.

आमच्या मास्तरांची वही मीं पाहिली असती तर म्हटलें असतें, दोन-तीन महिन्यांनीं त्याच ठिकाणीं पुन्हां तपासा, आणि तोंवर पोटभर जेवा. आबाजींना म्हटलें असतें, ट्रंक उघडा. ०.४ हा आंकडा आपल्यासाठीं साधारण नाहीं. पण तो अजून लहान आहे, आणि लहान आहे हेंच आपलें भाग्य. कापूस वेंचावयास घरचीं माणसें आहेत. रक्त द्यावयास आपणच जावयास हवें. या आठवड्यांत जा, आणि जातांना शेजारच्या त्या शिकलेल्या मुलालाही बरोबर न्या, म्हणजे पुढच्या खेपेस तो दुसऱ्या कोणाचा कागद अधिक नीट वाचील.